खो ऐकू आला पाहिजे

(शिक्षक दिनानिमित्त इंदूर येथे झालेल्या सभेतील भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला 'माझे शिक्षक' हा विषय दिला तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि घरी गेल्यावर घाबरले. मी पस्तीस वर्षं महाविद्यालयात मराठी शिकवलं. संत, पंडित, शाहीर, नवकवी, कुणावरही तासभर बोलायचं असेल तर मला चिठ्ठी लागत नाही. पण ज्या माणसामुळे मी मराठी शिकवू लागले, त्याच्यावर बोलायचं म्हटल्यावर चार रात्री कागद कोरा राहिला.

आधी एक खुलासा. सरांचं नाव मी आज घेणार नाही. 'माझ्या नावाचा फलक, पुरस्कार, स्मृतिचषक यांपैकी काहीही करू नये,' असं त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवलं आहे, आणि त्यांचं हस्ताक्षर मोडण्याची हिंमत आमच्यापैकी कुणातही नाही. शाळेचंही नाव घेत नाही. इथे बसलेल्या निम्म्या लोकांना मी कुणाबद्दल बोलते आहे ते कळलंच आहे. उरलेल्यांना आपापले सर आठवतील. तेही चालेल.

सर मूळचे देवासचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इंदूरला आले आणि आमच्या शाळेत मराठीचे शिक्षक म्हणून लागले. पुढे काही वर्षांनी शाळेतले व्यायामशिक्षक नोकरी सोडून गेले आणि जागा रिकामी राहिली. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून सांगितलं, "तुम्ही खो-खो खेळलेले आहात, नवा माणूस मिळेपर्यंत मैदान तात्पुरतं सांभाळा." नवा माणूस कधी मिळालाच नाही. ते 'तात्पुरतं' सर निवृत्त होईपर्यंत चाललं. या कामाचा वेगळा पगार नव्हता. शिट्टीसुद्धा त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेली होती.

१९७२ साली मी सहावीत होते. आमच्या शाळेचं मैदान म्हणजे मुरमाड जमीन. उकिडवं बसलं की तळव्यांना खडे टोचत. सरांनी पहिला महिनाभर आम्हाला खेळूच दिलं नाही. रोज सकाळी सहाला यायचं, बांधकामावरून मागून आणलेल्या चाळणीनं माती चाळायची, खडे बाजूला काढायचे, पाणी शिंपडायचं, दोरी धरून फक्कीच्या रेघा मारायच्या. इंदूरची थंडी तुम्हाला माहीत आहे. डिसेंबरात बादलीतल्या पाण्यात हात घातला की बोटं दुखायची. आमच्यातल्या एकीनं धीर करून विचारलं, "सर, खेळायचं कधी?" सर म्हणाले, "ज्या जमिनीवर पडायचं आहे तिची ओळख तर होऊ दे." पुढे सूर मारून गडी बाद करायला शिकलो तेव्हा त्या चाळलेल्या मातीची किंमत कळली. गुडघे फुटले, पण कुणाच्या अंगात खडा घुसला नाही.

मुलींचा संघ काढायचा हे त्या काळी सोपं नव्हतं. खो-खोला आखूड चड्डी लागते, आणि आमच्या वाड्यांमध्ये परकर घोट्याच्या वर गेला तरी चर्चा व्हायची. सर घरोघर गेले. माझ्या एका मैत्रिणीच्या आजीनं त्यांना ओसरीवर बसवून अर्धा तास सुनावलं. "मास्तर, पोरी उद्या सासरी जायच्या. त्यांना काय पळायला शिकवता?" सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजी, तुम्ही रोज मैदानावर या. तुम्हाला एक दिवस जरी वावगं दिसलं, तरी मी खेळ बंद करतो." आजी खरंच आल्या. स्टूल घेऊन, शाल गुंडाळून, पहिल्या दिवशी चेहरा आंबट करून बसल्या. पंधरा दिवसांनी त्यांच्या हातात सरांचं मनगटी घड्याळ होतं. नऊ मिनिटांची पाळी झाली की आजी ओरडत, "मास्तर, झाली वेळ!" पुढे तीन वर्षं त्या आमच्या वेळाधिकारी होत्या, आणि नात सातवीत खेळ सोडायला निघाली तेव्हा तिला परत आणून सोडणाऱ्याही त्याच.

आता थोडं खेळाबद्दल, कारण इथल्या तरुण मित्रांपैकी काहींनी तो पाहिला नसेल. आठ जण एका ओळीत बसतात, एकाचं तोंड या बाजूला तर शेजारच्याचं त्या बाजूला. नववा पाठलाग करतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत ती बदलता येत नाही. पळणारा पलीकडे निसटला, तर त्या बाजूला तोंड करून बसलेल्या आपल्या गड्याच्या पाठीला हात लावायचा, 'खो' म्हणायचं आणि त्याच्या जागी बसायचं. बसलेल्यानं खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ च्या सुमारास या खेळाचे नियम बांधले, आणि मराठी माणूस जिथे जिथे वसला तिथे तिथे तो खेळ घेऊन गेला. आपल्याकडे तर तो चांगलाच रुजला. खो-खोचा १९७४ सालचा अर्जुन पुरस्कार नीलिमा सारोळकर यांना मिळाला आणि १९८१ सालचा सुषमा सारोळकर यांना. आपल्याकडच्या मुलीला अर्जुन मिळाला ही बातमी सरांनी वर्गात फळ्यावर लिहिली होती आणि आठवडाभर कुणाला पुसू दिली नव्हती.

मी संघात होते, पण खेळाडू म्हणून बेतास बात. पाय बरे होते, आवाज नव्हता. घरी मोठी माणसं बोलत असताना मुलींनी बोलायचं नाही अशा वळणात मी वाढले. वर्गात प्रश्नाचं उत्तर येत असलं तरी मी ते पुटपुटत असे. आठवीत असताना जिल्हा पातळीवरच्या एका सामन्यात शेवटचं अर्धं मिनिट उरलं होतं आणि आम्हाला बरोबरीला एक गडी हवा होता. मी पाठलागावर होते. पळणारी मुलगी मला हूल देऊन पलीकडे गेली. मी समोरच्या चौकातल्या मैत्रिणीच्या पाठीवर हात ठेवला, ती उठली आणि तिनं दोन पावलांत गडी टिपला. आम्ही नाचायला लागलो, तेवढ्यात पंचांनी शिट्टी वाजवून गडी परत दिला. मी खो म्हटलाच नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटला होता. मला आजही शपथेवर सांगता येईल की मी म्हटला होता. पण तो कुणाला ऐकू आला नव्हता.

आम्ही हरलो. परतीच्या बसमध्ये कुणी माझ्याशी बोललं नाही. सर माझ्या शेजारी येऊन बसले. मला वाटलं रागावतील. त्यांनी पिशवीतून शेव-मुरमुऱ्यांची पुडी काढून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "तू खो दिलास हे मला माहीत आहे. तुझे ओठ हलले, मी पाहिलं. पण बाळ, मनातल्या मनात दिलेला खो हा खो नसतो. ज्याला द्यायचा त्याला तर तो ऐकू आलाच पाहिजे, आणि मैदानाच्या काठावर उभ्या असलेल्या माणसालाही आला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला त्यांनी मला शेवटच्या बाकाशी उभं केलं आणि स्वतः वर्गाबाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. "धडा वाच. मला इथे ऐकू आला पाहिजे." मी वाचू लागले. बाहेरून आवाज आला, "नाही आला." परत वाचलं. "नाही आला." मुली हसत होत्या, माझ्या डोळ्यांत पाणी होतं. हे त्या दिवशी झालं, दुसऱ्या दिवशी झालं आणि वर्ष संपेपर्यंत रोज पाच मिनिटं झालं. फरक इतकाच की दिवाळीनंतर सर व्हरांड्यातून उतरून चिंचेच्या झाडाखाली उभे राहत, आणि फेब्रुवारीत फाटकापाशी. मार्चमध्ये एके दिवशी फाटकाबाहेरचा पोहेवाला थांबून ऐकू लागला, तेव्हा सर आत आले आणि म्हणाले, "बस आता. झालं." पस्तीस वर्षं मी ध्वनिक्षेपकाशिवाय शिकवलं, त्याचं कारण हे.

वर्गातले सर आणि मैदानावरचे सर वेगळे नव्हते. दोन्हीकडे त्यांची मागणी एकच असे: जे म्हणायचं ते वेळेवर, स्पष्ट आणि ऐकणाऱ्यापर्यंत पोचेल असं म्हणा. आपल्या इंदुरी मराठीत हिंदी इतकी मिसळलेली की आम्हाला शिवण दिसतच नसे. "मी बाईंशी विचारलं," असं आम्ही सर्रास म्हणायचो, कारण मनात 'उनसे पूछा' असायचं. दुसरे शिक्षक यावर छडी उगारत. सर म्हणत, "ही चूक नाही, हा शेजार आहे. पण पाहुण्याच्या घरी गेल्यावर आपल्या चपला बाहेर काढतोस ना? तसं या घरात येताना त्या घरची विभक्ती बाहेर काढायची, आणि त्या घरात जाताना या घरची. दोन्ही घरं आपलीच आहेत."

त्यांनी एक वही घातली होती, 'दोन घरांचे शब्द' नावाची. जो शब्द हिंदीत आणि मराठीत सारखा दिसतो पण अर्थ वेगळा, तो जो आणील त्याच्या नावानिशी वहीत लिहायचा. 'चेष्टा' म्हणजे तिकडे प्रयत्न, इकडे मस्करी. 'यातायात' म्हणजे तिकडे रहदारी, इकडे खटाटोप. 'संसार' म्हणजे तिकडे सगळं जग, इकडे चूल, पोरंबाळं आणि महिनाअखेर. 'राजीनामा' म्हणजे तिकडे समेट, इकडे नोकरीवर पाणी. आणि पहिल्या पानावर पहिला शब्द होता 'शिक्षा'. सर गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "आपल्या परीक्षा माध्यमिक शिक्षा मंडल घेतं. हिंदीत वाचलंत तर ते ज्ञान देतं, मराठीत वाचलंत तर काय देतं ते निकालाच्या दिवशी कळेल." सरांनी स्वतः मात्र कुणाला शिक्षा केल्याचं मला आठवत नाही. चुकीचं वाक्य बोलणाऱ्यानं मैदानाला एक फेरी मारायची आणि पळता पळता बरोबर वाक्य मोठ्यानं म्हणायचं, एवढंच. त्यामुळे आमचं व्याकरणही सुधारलं आणि दमही वाढला.

ते देवमाणूस होते असं मी म्हणणार नाही. ते हट्टी होते. सहा म्हणजे सहा. सहा वाजून दोन मिनिटांनी आलेली मुलगी त्या दिवशी बाहेर बसे, मग तिच्या घरी नळ उशिरा आलेला असो की भाऊ आजारी असो. हिशेब त्यांना कधीच जमला नाही. स्पर्धेच्या प्रवासखर्चात दर वेळी त्यांच्याच खिशातले पैसे जात आणि घरी वहिनींची कुचंबणा होई. एका वर्षी राज्य स्पर्धेच्या नादात त्यांनी बोर्डाच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलींनाही सुटी दिली नाही. आमच्यातली एक गणितात नापास झाली. सर तिच्या घरी गेले. वडिलांसमोर उभे राहून म्हणाले, "चूक तिची नाही, माझी आहे." मग त्या उन्हाळ्यात ते स्वतः गणित शिकले. हो, मराठीचा शिक्षक पुस्तक आणून त्रैराशिक आणि व्याज शिकला, आणि रोज संध्याकाळी तिला शिकवायला गेला. ती पुरवणी परीक्षेत पास झाली. पुढच्या वर्षीपासून सकाळचा पहिला अर्धा तास मैदानावर गृहपाठाच्या वह्या तपासल्या जाऊ लागल्या. चूक कबूल करणारी मोठी माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती. आमच्या घरात तर नव्हतीच.

सरांच्या संघात एक मुलगी गिरणी कामगाराच्या घरातली होती. त्या काळी इंदूरच्या कापड गिरण्या चालू होत्या, भोंग्यावर शहराची घड्याळं लागत. मराठीशी तिचा काही संबंध नव्हता, ती आली ती खो-खोसाठी. पण सर मैदानावर सगळं मराठीत बोलत, आणि संघाच्या नादात तिनं ऐच्छिक म्हणून मराठी घेतलं. सुरुवातीला तिला 'ळ' म्हणता येत नसे. 'पळ'ला 'पल' म्हणे. आम्ही हसायचो. एके दिवशी सरांनी आम्हाला थांबवलं आणि म्हणाले, "तुम्हाला हा 'ळ' फुकट मिळाला आहे. ती कमावते आहे. कमावलेल्याला हसू नये." ही मुलगी पुढे क्रीडाशिक्षिका झाली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. तिनं कितीतरी मुलींना खेळवलं आणि मैदानावरच्या सूचना शेवटपर्यंत मराठीत दिल्या, ज्या मुलींना मराठीचं अक्षर येत नाही त्यांनासुद्धा. आज ती मागच्या रांगेत बसली आहे. ती हात वर करणार नाही, मला माहीत आहे.

आता मी अशा गोष्टीकडे येते जी सांगायची की नाही यावर मी चार रात्री अडले होते.

१९९० साली माझा मुलगा पाच वर्षांचा झाला. तोवर आमच्या शाळेची पटसंख्या घसरू लागली होती. वाडे पडत होते, कुटुंबं नव्या वसाहतींमध्ये जात होती, आणि प्रत्येक वसाहतीच्या तोंडाशी इंग्रजी शाळा उभी राहत होती. मराठी विषय घेणाऱ्या मुलांची संख्या ठरावीक आकड्याच्या खाली गेली तर वर्ग बंद होईल, अशी वेळ आली होती. एका रविवारी सर आमच्या घरी आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले. जाताना माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "याला कुठे घालणार आहेस?" मी शहरातल्या एका नामांकित इंग्रजी शाळेचं नाव सांगितलं. पुढे काय काय सांगितलं तेही मला आठवतं: बस घरासमोर येते, पुढे अभियांत्रिकीला सोपं जातं, मराठी काय, घरी आहेच. मी मराठीची प्राध्यापिका होते. सर म्हणाले, "बरोबर आहे." आणि सायकल घेऊन गेले.

त्यांनी पुन्हा तो विषय कधी काढला नाही. टोमणा मारला नाही, तोंड फिरवलं नाही. माझ्या मुलाच्या प्रत्येक निकालाला त्याच्या नावानं पोस्टकार्ड टाकलं. सरांची पोस्टकार्डं आपल्यापैकी अनेकांकडे असतील, बारीक अक्षर, कडेनं उभ्या ओळी. सर निवृत्त झाले आणि त्यानंतर काही वर्षांत शाळेतला मराठीचा वर्ग बंद झाला. शेवटच्या वर्षी वर्गात चार मुलं होती, असं सरांकडूनच कळलं. मी मनात हिशेब केला. आमच्या संघातल्या मुलींपैकी इंदूरला राहिलेल्यांची मुलं जरी तिथे असती, तरी वर्ग वाचला असता का? कदाचित नसता. एकट्या आईच्या निर्णयानं शाळा तरत नाहीत आणि बुडतही नाहीत. पण 'घरी आहेच' हे वाक्य खोटं ठरलं. घरी मराठी राहिलं ते बोलण्यापुरतं. वाचनाची वेळ आली नाही, लिहिण्याचं कारण पडलं नाही.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही अंतिम सामने नेपाळविरुद्ध जिंकले. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर. मी सामना बघायला मुद्दाम सरांकडे गेले. सर तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे होते. मातीऐवजी मॅट, नऊऐवजी सात जण, रंगीत दिवे, संगीत. मला वाटलं त्यांना आवडणार नाही. ते तर लहान मुलासारखे पुढे सरकून बसले होते. पाय उचलताना बघून "वा!" म्हणत होते. मग एकदम मला म्हणाले, "आवाज वाढव." मी वाढवला. "अजून." मी म्हटलं, "सर, समालोचन चांगलं ऐकू येतंय." ते म्हणाले, "समालोचन नको गं. त्या पोरींचा खो ऐकायचाय." आम्ही दोघं कान देऊन बसलो. गोंगाटातून मध्येच एक खणखणीत 'खो' आला आणि सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. फाटकापाशी उभे असताना हलवत असत तशीच.

त्याच दुपारी मी त्यांना विचारलं, "सर, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आनंद झाला ना?" ऑक्टोबर २०२४ मध्ये तो निर्णय झाला होता. ते म्हणाले, "झाला की. आता ती रोजची पण राहू दे." थोड्या वेळानं त्यांनी कपाटातून ती वही काढायला सांगितली, 'दोन घरांचे शब्द'. कडा कुरतडलेल्या, मधली पानं सुटी झालेली. त्यात शब्द आणणाऱ्या दोनशेहून अधिक मुलांची नावं आहेत. "घेऊन जा," म्हणाले. मी म्हटलं, "मी काय करू याचं?" त्यांनी उत्तर दिलं नाही. मला वाटतं, ज्या मुलीला त्यांनी वर्षभर मोठ्यानं वाचायला लावलं होतं, तिनं हा प्रश्न विचारावा याचंच त्यांना नवल वाटलं असावं.

सर मे महिन्यात गेले. मुलगा बंगळूरहून आला होता. तेराव्यानंतर मी जुनी पत्रं काढून बसले. त्याच्या नावची पोस्टकार्डं मी वेगळी बांधून ठेवली होती. त्यानं एक उचललं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "आई, अक्षर फार बारीक आहे, तूच वाच." अक्षर बारीक होतंच. पण चष्म्याशिवाय ते मला वाचता येत होतं. चाळीस वर्षांच्या माझ्या मुलाला येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. त्यात विशेष काही नव्हतं: गणितात चांगले गुण मिळाल्याचा आनंद, आईला त्रास देऊ नकोस, खेळत जा. त्याच्यासाठी लिहिलेलं पत्र, त्याच्याच नावचं, आणि ते मधल्या माणसाशिवाय त्याच्यापर्यंत पोचलं नाही. तो काही बोलला नाही. मीही काही बोलले नाही.

मित्रहो, खो-खोमध्ये उत्तम पाठलाग करणारा कोण, असं आम्ही एकदा सरांना विचारलं होतं. आम्हाला वाटलं ते म्हणतील, जो सगळ्यांत जोरात धावतो तो. ते म्हणाले, "ज्याला कळतं की आता आपण बसायचं आणि दुसऱ्याला उठवायचं, तो." मराठीच्या बाबतीत मी खूप धावले. प्रबंध लिहिला, चर्चासत्रं केली, पेपर तपासले. पण माझ्या समोरच्या चौकात, माझ्याकडे पाठ करून, माझं स्वतःचं मूल बसलं होतं, आणि मी त्याला खो दिलाच नाही. मनातल्या मनात दिला असेन. तो खो नसतो.

यावर उपाय म्हणून काही मोठं सांगायला मी आलेले नाही. जूनपासून दर शनिवारी संध्याकाळी मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर मुलांना घेऊन बसते. आठ मुलं येतात, त्यांतली तीन मराठी घरांतली नाहीत. आधी खेळ होतो, मग मोठ्यानं वाचन, मग वहीत एक शब्द. परवा एका चौथीतल्या मुलीनं 'शिक्षा' शब्दावर हात ठेवून विचारलं, "आजी, मग शिक्षक म्हणजे शिक्षा करणारा का?" मी तिला मैदानाची, म्हणजे गच्चीची, एक फेरी मारायला लावली आणि सरांची गोष्ट सांगितली. मुलाला मी दर रविवारी फोनवर एक पोस्टकार्ड वाचायला लावते. तो अडखळतो. मी मध्ये बोलत नाही.

ती मूळ वही आज मी अकादमीच्या ग्रंथालयाला देते आहे, सरांच्या नावाशिवाय, मुलांच्या नावांसकट. तिची पुढची पानं कोरी आहेत. इथल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे की ती काचेच्या कपाटात ठेवू नका. तिच्या छायाप्रती काढा, शाळांमध्ये न्या, त्यात शब्द भरा. आणि घरी जे लहान मूल असेल, आपलं असो की शेजाऱ्याचं, त्याला आठवड्यातून एकदा तरी मराठीतलं एक पान मोठ्यानं वाचायला लावा. आपण शेजारच्या खोलीत उभं राहा. ऐकू आलं नाही, तर तसं सांगा.

मी थांबते. मागच्या रांगेला ऐकू आलं असेल अशी आशा आहे.